जॅक लंडनचे शिवार: ग्लेन एलनला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला साधारण पन्नास मैलांवर, सोनोमा डोंगराच्या पूर्व उताराला ग्लेन एलन नावाचे लहानसे गाव आहे. गावातून एक वळणावळणाचा रस्ता वर चढतो आणि तो जिथे संपतो तिथे जॅक लंडनची शेती सुरू होते. ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ या १९०३ सालच्या कादंबरीने ज्याचे नाव जगभर झाले, त्या लेखकाने १९०५ मध्ये इथे १३० एकरांचा पहिला तुकडा विकत घेतला, मग शेजारच्या जमिनी जोडत जोडत सुमारे १४०० एकरांचे शिवार उभे केले आणि २२ नोव्हेंबर १९१६ रोजी, अवघ्या चाळीस वर्षांचा असताना, इथेच शेवटचा श्वास घेतला. त्याने या जागेला ‘ब्यूटी रँच’ असे नाव दिले होते. आज ती ‘जॅक लंडन स्टेट हिस्टॉरिक पार्क’ म्हणून जपलेली आहे आणि १९६२ पासून तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा आहे.

बहुतेक पाहुणे इथे एकच गोष्ट पाहायला येतात: लंडनने हौसेने बांधलेल्या आणि राहायला जाण्याआधीच जळून गेलेल्या ‘वुल्फ हाउस’चे अवशेष. छायाचित्रे काढली जातात, हळहळ व्यक्त होते आणि गाडी परत वळते. माझे मत असे आहे की ही जागा आधी शेत म्हणून पाहावी आणि स्मारक म्हणून नंतर. आपण पुस्तके लिहितो ती या जमिनीत आणखी काही एकर जोडण्यासाठी, असे लंडन स्वतः उघडपणे सांगत असे. तेव्हा त्याची जमीन न पाहता त्याचे पडके घर पाहणे म्हणजे वारीला जाऊन नुसते पंढरपूरचे स्टेशन पाहून परतण्यासारखे आहे. खाली जो क्रम सांगितला आहे, तो या विचाराने लावलेला आहे.

हा क्रम मला पहिल्या खेपेला ठाऊक नव्हता. आई-वडील पुण्याहून उन्हाळ्यात आले होते आणि जुलैच्या एका दुपारी, ऐन उन्हाच्या वेळी, आम्ही थेट वुल्फ हाउसच्या वाटेला लागलो. जाताना उतार असल्यामुळे काही वाटले नाही, परंतु येताना चढावर आईचे गुडघे बोलू लागले, जवळचे पाणी संपले आणि शेताच्या बाजूला पोहोचेपर्यंत आत जाण्याची वेळ टळून गेली होती. ज्या वडिलांनी उभा जन्म शेतीत काढला, त्यांना शेतच पाहायला मिळाले नाही. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा सगळे उलट क्रमाने केले.

केव्हा जावे

या भागात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो, हे भारतातून आलेल्या माणसाने आधी लक्षात घ्यावे, कारण आपल्या मनातले ऋतुचक्र इथे नेमके उलटे फिरते. नोव्हेंबर ते मार्च हे पावसाचे महिने असून तेव्हा डोंगर हिरवेगार असतात, पण पायवाटा चिखलाच्या होतात आणि दिवस लहान असतो. एप्रिल आणि मे हे सर्वांत चांगले महिने होत: गवत हिरवे असते, रानफुले आलेली असतात, ऊन बेताचे असते. जून ते ऑगस्टमध्ये सकाळी धुके आणि दुपारी कडक ऊन असा खेळ चालतो, म्हणून सकाळी लवकर पोहोचणे आवश्यक आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षांचे मळे लाल-पिवळे होतात, परंतु तोच काळ वणव्यांचा असतो. ऑक्टोबर २०१७ च्या वणव्यात ग्लेन एलनमधील पुष्कळ घरे जळाली. तेव्हा या दिवसांत निघण्यापूर्वी वणव्याची आणि धुराची स्थिती पाहावी, आणि पार्कने पायवाटा बंद ठेवल्या असतील तर हट्ट धरू नये.

घरून निघताना

गाडीमागे प्रवेश शुल्क घेतले जाते. शुल्क, फाटकाच्या वेळा आणि आतील इमारतींच्या वेळा बदलत असतात, आणि इमारती फाटकापेक्षा उशिरा उघडतात, म्हणून आदल्या दिवशी पार्कच्या संकेतस्थळावर एक नजर टाकावी. तिथेच नकाशा मिळतो. तो फोनमध्ये उतरवून घ्यावा, कारण डोंगराच्या आडोशाला फोनची रेंज येते-जाते.

आत उपाहारगृह नाही, पण झाडांखाली जेवणासाठी बाके आहेत, त्यामुळे डबा घेऊन जाणे हेच उत्तम. दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या असे न सांडणारे आणि उन्हात न बिघडणारे काही बरोबर घ्यावे. दहीभात न्यायचा असेल तर बर्फाच्या पेटीतच न्यावा. माणशी दीड-दोन लिटर पाणी, टोपी आणि पायांना पकड असलेले बूट एवढे तरी हवेच. साडी नेसणाऱ्या आईला किंवा सासूबाईंना त्या दिवसापुरते बूट घालायला लावावेत, कारण वाटांवर सुटी खडी आहे आणि चपलेचा पाय सटकतो.

एक गोष्ट मात्र घरीच सगळ्यांना नीट समजावून सांगावी, विशेषतः मुलांना. वाटेच्या दोन्ही बाजूंना ‘पॉइझन ओक’ नावाचे झुडूप मुबलक आहे. त्याची पाने तीन-तीनच्या जुडीने येतात, वसंतात चकचकीत हिरवी असतात आणि शरदात इतकी सुंदर लाल होतात की हात आपोआप पुढे जातो. हे झुडूप आपल्या बिब्ब्याच्या कुळातले आहे. बिब्बा उतल्यावर अंगाची काय अवस्था होते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अधिक सांगायला नको, आणि ज्यांना आंब्याचा चीक बाधतो त्यांनी तर अधिकच जपावे. स्पर्श झालाच तर ती जागा लवकरात लवकर साबण आणि गार पाण्याने धुवावी, कपडे वेगळे ठेवून धुवावेत. याशिवाय गवतात गोचिडी असतात आणि उन्हाळ्यात दगडांच्या फटींत रॅटलस्नेक साप असू शकतात. वाट सोडायची नाही आणि दगडांच्या बेचक्यांत हात घालायचा नाही, हे दोन नियम पाळले तर चिंता करण्याचे कारण उरत नाही.

कुत्रा बरोबर नेणार असाल तर त्याला पट्ट्याने बांधून ऐतिहासिक इमारतींच्या परिसरात नेता येते. डोंगरातल्या पायवाटांवर मात्र त्याला परवानगी नाही.

रस्ता

गाडी हवीच. सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पूल ओलांडून १०१ ने उत्तरेला, मग ३७ ने पूर्वेला, तिथून १२१ ने वर आणि पुढे अर्नॉल्ड ड्राइव्ह धरून सरळ ग्लेन एलन, असा सवा ते दीड तासाचा रस्ता आहे. आपली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात त्या फ्रीमॉंट, सॅन होजे बाजूने निघणाऱ्यांनी ६८० ने उत्तरेला जाऊन बेनिशियाचा पूल ओलांडावा, वॅलेहोहून ३७ ने पश्चिमेला यावे आणि १२१ ला लागावे. सकाळी रस्ता मोकळा असला तर या बाजूने दोन तासांच्या आसपास लागतात. ग्लेन एलनमध्ये अर्नॉल्ड ड्राइव्हवरून लंडन रँच रोडला वळले की तो चढत चढत थेट फाटकाशी नेतो. गावातून जाताना सावकाश चालवावे, कारण रस्ता अरुंद आहे आणि सायकलवाले पुष्कळ असतात.

फाटकाशी: उजवीकडे वळावे

शुल्क भरल्यावर रस्त्याला दोन फाटे फुटतात. डावीकडचा फाटा संग्रहालयाच्या वाहनतळाकडे जातो आणि वुल्फ हाउस व समाधीची वाट तिथूनच निघते. उजवीकडचा फाटा शेताच्या इमारती, लंडनचे राहते घर आणि डोंगरातल्या पायवाटा यांकडे जातो. सर्वसाधारण पाहुणा डावीकडे वळतो. आपण उजवीकडे वळावे. सकाळच्या गारव्यात उघड्यावरचे शेत पाहून होते, आणि दुपारी ऊन चढल्यावर संग्रहालयाची सावली आणि वुल्फ हाउसच्या वाटेवरची झाडी कामी येते.

शेत

वाहनतळापासून शेताची फेरी एक मैलापेक्षा कमी आहे आणि चढ किरकोळ आहे. पाट्या वाचत, थांबत गेले तर दीड तास लागतो, आणि तो द्यावाच.

फेरीला लागण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्यावी. लंडनने घेतलेल्या जमिनी नव्या नव्हत्या. आधीच्या शेतकऱ्यांनी खत न घालता, फेरपालट न करता वर्षानुवर्षे पिके काढून त्या निकस केल्या होत्या आणि उतारावरची माती पावसाने वाहून नेली होती. १९०४ मध्ये रशिया-जपान युद्धाचा वार्ताहर म्हणून तो कोरियात गेला, तेव्हा डोंगरउतारांवर पायऱ्या करून पिढ्यानुपिढ्या पिकवलेली शेते त्याने पाहिली होती. आशियातील शेतकरी ज्या जमिनीवर शतकानुशतके पोट भरतो तशीच जमीन अमेरिकी शेतकरी काही दशकांत नासवून पुढे निघून जातो, ही गोष्ट त्याला फार लागली. म्हणून त्याने इथे उतारावर आडव्या पायऱ्या बांधल्या, हिरवळीचे खत जमिनीत गाडले, शेणखत जपून साठवले. कोकणात किंवा मावळात भाताची खाचरे पाहिलेल्या माणसाला या पायऱ्या ओळखायला पाटी लागत नाही.

दगडी तबेल्यांपासून सुरुवात करावी. हा भाग मुळात कोहलर आणि फ्रोलिंग यांच्या द्राक्षमद्याच्या कारखान्याचा होता आणि इथल्या दगडी इमारतींपैकी एक चिनी मजुरांनी बांधलेली आहे. लंडनने ती घेतल्यावर आपले दांडगे इंग्लिश शायर घोडे तिथे ठेवले. ट्रॅक्टरच्या काळात एवढ्या अवजड घोड्यांचे काय कौतुक, असे वाटू शकते, पण नांगराला उत्तम जातीची जनावरे जुंपावीत आणि त्यांची पैदास आपल्याच शेतावर करावी, असा त्याचा विचार होता. जवळच शेणखत साठवण्याची दगडी बांधणीची जागा आहे. उकिरडा पाहण्यासाठी कोणी थांबत नाही, पण इथे थांबावे, कारण साऱ्या शेताचा हिशेब तिथून सुरू होतो: जनावरांचे शेण जमिनीत जाते, जमीन चारा देते, चारा जनावरांकडे परत येतो.

पुढे गेल्यावर सिमेंटच्या ठोकळ्यांचे दोन गोल मनोरे दिसतात, प्रत्येकी ४० फूट उंच. हे मुरघासाचे सायलो. कॅलिफोर्नियात या प्रकारचे हे पहिले सायलो मानले जातात. इथे मे महिन्यापासून गवत वाळते आणि हिवाळ्याच्या पावसापर्यंत हिरवा चारा मिळत नाही, म्हणून हिरवी वैरण बारीक कापून, दाबून, हवा लागू न देता मनोऱ्यात भरायची, म्हणजे ती आंबून टिकते आणि कोरड्या महिन्यांत दुभत्या गाईंना घालता येते. माझे वडील इथे सर्वांत जास्त वेळ थांबले. त्यांनी तळहात ठोकळ्यांवरून फिरवला, दोन ठोकळ्यांमधला सांधा नखाने खरवडून पाहिला आणि म्हणाले, “आपल्याकडे आता कुठे लोक पिशव्यांत मुरघास करायला लागलेत. या गृहस्थाने शंभर वर्षांपूर्वी मनोरा बांधला.” लेखकाच्या घरी आणले म्हणून थोडे अवघडलेले माझे वडील त्या क्षणापासून त्या जागेत रमले.

सायलोंच्या पलीकडे, थोड्या चढावर, ‘पिग पॅलेस’ आहे. १९१५ मध्ये लंडनने स्वतः आखणी करून बांधलेली ही वर्तुळाकार दगडी वराहशाळा आहे. मधोमध खाद्य साठवण्याची आणि कालवण्याची गोल इमारत, तिच्याभोवती कडे करून १७ कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात एकेका कुटुंबासाठी आतली खोली व बाहेरचे अंगण. एका माणसाने मध्ये उभे राहून साऱ्या जनावरांना खाऊ घालावे, ही त्यामागची युक्ती होती. दगडी बांधकाम सहज धुता येत असल्याने रोगराईला आळा बसत असे. बांधकामाला ३००० डॉलर लागले, त्या काळी ही रक्कम डोळे विस्फारायला लावणारी होती, आणि लोकांनी तिला ‘डुकरांचा राजवाडा’ म्हणून नाव ठेवले. मला मात्र ही इमारत साऱ्या पार्कात सर्वांत बुद्धिमान वाटते. मध्यभागी उभे राहून एकदा सावकाश गोल फिरावे, म्हणजे ती बांधणाऱ्याचे डोके कसे चालत होते ते कळते.

त्याचे सगळेच प्रयोग फळले नाहीत, आणि पार्कात फिरताना ते अपयशही दिसते. उंच निलगिरीची झाडे ओळखीची वाटतील. लाकडाला भाव येईल या आशेने त्याने हजारो निलगिरीची रोपे लावली, पण हे लाकूड पिळवटते, फाटते, फर्निचरच्या कामाचे राहत नाही असे दिसून आले आणि तो सारा खर्च अंगावर आला. सँता रोझा इथल्या ल्यूथर बरबँक या वनस्पतितज्ज्ञाने तयार केलेला बिनकाट्यांचा निवडुंगही त्याने जनावरांच्या चाऱ्यासाठी लावून पाहिला. या साऱ्या कामावर देखरेख होती ती त्याची सावत्र बहीण एलायझा शेपर्ड हिची. लंडन समुद्रावर किंवा परदेशी असताना मजुरांचे पगार, पेरण्या, खरेदी-विक्री हे सगळे तीच पाही. तिचे नाव पाट्यांवर लहान अक्षरांत येते, ते चुकवू नये.

शेताला लागून आजही द्राक्षांचे मळे आहेत. ते खासगी मालकीचे आहेत. त्यांत शिरू नये, घड तोडू नयेत.

राहते घर

शेताच्या फेरीत लाकडी बैठे घर लागते. मोठ्या बंगल्याची स्वप्ने पाहणाऱ्या लंडनने १९११ पासून मरेपर्यंत जी पाच-सहा वर्षे काढली, ती या साध्या घरात. घर उघडे असेल त्याच वेळेत इथे पोहोचता येईल, अशा बेताने फेरी आखावी. आत स्वयंसेवक असतात आणि प्रश्न विचारलेले त्यांना आवडते. इंग्रजी बोलताना संकोच वाटणाऱ्या ज्येष्ठांच्या वतीने आपण प्रश्न विचारून उत्तर मराठीत सांगावे.

त्याची लिहिण्याची खोली नीट पाहावी. रोज १००० शब्द लिहायचे हा त्याचा नेम होता आणि तो प्रवासात, आजारपणातही सहसा मोडत नसे. सकाळी लेखन, मग घोड्यावरून शेताची पाहणी. पन्नासावर पुस्तके त्याने याच शिस्तीने लिहिली, आणि त्यांचे पैसे खिडकीतून दिसणाऱ्या या जमिनीत गेले. उघड्या हवेत झोपण्यासाठी केलेल्या पडव्याही दिसतात. अशाच एका पडवीत तो शेवटच्या दिवशी बेशुद्धावस्थेत सापडला. त्याची मूत्रपिंडे निकामी झाली होती. घराजवळच शेकडो वर्षांचा प्रचंड ओक वृक्ष आहे. त्याच्या मुळांवर उभे राहू नये, फांद्यांखाली फार वेळ बसू नये.

शेजारी जुन्या मद्य कारखान्याच्या, छप्पर नसलेल्या, दगडी भिंती आहेत. १९०६ च्या भूकंपात या इमारतीचे मोठे नुकसान झाले. उन्हाळ्यात कधी कधी या भिंतींच्या आत संगीताचे आणि नाटकाचे प्रयोग होतात. अशा दिवशी वाहनतळ भरतो, म्हणून तारीख आधी पाहून ठेवावी.

इथेच जेवून घ्यावे. झाडांखाली बाके आहेत, स्वच्छतागृह जवळ आहे. खरकटे आणि फळांच्या साली पिशवीत भरून परत न्याव्यात, कारण मागे सोडलेल्या अन्नाला रानातले प्राणी सोकावतात.

संग्रहालय

जेवणानंतर गाडीने खाली येऊन दुसऱ्या वाहनतळावर जावे. थोडे चालले की ‘हाउस ऑफ हॅपी वॉल्स’ लागते. लंडनची पत्नी चार्मियन हिने त्याच्या मृत्यूनंतर, १९१९ मध्ये, हे दगडी घर बांधायला घेतले. जळालेल्या घराचीच ही लहान आणि शांत बहीण आहे. १९५५ मध्ये चार्मियन वारली. घराचे संग्रहालय व्हावे ही तिची इच्छा होती आणि त्यातूनच पुढे हे पार्क उभे राहिले.

संपादकांनी लंडनला पाठवलेली नकारपत्रे इथे आहेत. लिहू पाहणाऱ्या मुलामुलींना ती अवश्य दाखवावीत. ‘स्नार्क’ या आपल्याच बांधलेल्या शिडाच्या नौकेतून लंडन आणि चार्मियन १९०७ मध्ये प्रशांत महासागराच्या सफरीला निघाले होते. सात वर्षांचा बेत होता, पण लंडनच्या प्रकृतीमुळे दोन वर्षांच्या आतच ऑस्ट्रेलियात सफर सोडावी लागली. त्या प्रवासात जमवलेल्या दक्षिण समुद्रातील बेटांवरच्या वस्तू वरच्या मजल्यापर्यंत मांडलेल्या आहेत. चार्मियन स्वतः लेखिका होती, उत्तम घोडेस्वार होती, पियानो वाजवीत असे, आणि लंडनची हस्तलिखिते टंकलिखित करण्याचे कामही तिचेच होते. एक तास पुरतो.

वुल्फ हाउस आणि समाधी

संग्रहालयापासून झाडीतून जाणारी वाट वुल्फ हाउसपर्यंत साधारण अर्ध्या मैलाची आहे. जाताना उतार आहे, म्हणजे येताना चढ आहे. ज्यांना चालणे कठीण आहे त्यांच्यासाठी काही दिवशी छोट्या गाडीची सोय असते. त्याची चौकशी फाटकावर किंवा संग्रहालयातच करून ठेवावी. सोय नसेल तर आई-वडिलांना संग्रहालयाच्या व्हरांड्यात बसवून एकाने त्यांच्याजवळ थांबावे. त्यात कमीपणा नाही.

झाडीतून वळण घेतले की उंच दगडी भिंती आणि त्यांतून वर गेलेली धुरांडी एकदम समोर येतात. आर्किटेक्ट अल्बर्ट फार याने आखलेले हे घर १५,००० चौरस फुटांचे होते. डोंगरातलाच ज्वालामुखीय दगड, साल न काढलेले रेडवुडचे ओंडके आणि १९०६ च्या भूकंपाची आठवण ठेवून घातलेला जाडजूड काँक्रीटचा पाया. हस्तलिखितांसाठी आगीपासून सुरक्षित असे तळघरही योजलेले होते. २२ ऑगस्ट १९१३ च्या रात्री, काही दिवसांत राहायला जायचे असताना, घर पेटले आणि सकाळपर्यंत दगडांखेरीज काही उरले नाही. कोणी आग लावली, याबद्दल अनेक वर्षे तर्क चालले. १९९५ मध्ये आगींचा तपास करणाऱ्या तज्ज्ञांच्या पथकाने अवशेष तपासून असा निष्कर्ष काढला की लाकडाला लावलेल्या जवसाच्या तेलाची फडकी ढिगात राहून आपोआप पेटली असावीत. जवसाचे तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेते आणि त्यात उष्णता निर्माण होते. फडके पसरलेले असेल तर ती निघून जाते, बोळा करून ठेवले तर आतच साठत जाते. घरी लाकडाला हे तेल लावणाऱ्यांनी फडकी पसरून वाळवावीत, एवढे तरी इथून घेऊन जावे.

अवशेषांत शिरायला बंदी आहे. कुंपणाबाहेरूनच चहूबाजूंनी फिरावे आणि धुरांडी कोणत्या मजल्यापर्यंत गेली आहेत ते पाहावे, म्हणजे नसलेले मजले डोळ्यांसमोर उभे राहतात.

परतताना एक छोटी वाट टेकाडावर जाते, ती समाधीची. इथे आधीपासून दोन लहान मुलांच्या थडग्यांची जागा होती. या भागात पूर्वी राहणाऱ्या ग्रीनलॉ कुटुंबाची ही मुले, डेव्हिड आणि लिली. मुले एकटी पडली आहेत, आपली रक्षा त्यांच्याजवळच ठेवावी, असे लंडनने सांगून ठेवले होते. तसेच झाले. वर वुल्फ हाउसच्या अवशेषांतला एक मोठा दगड ओढून आणून ठेवला, आणि चार्मियनची रक्षाही पुढे त्याच दगडाखाली ठेवली गेली. दगडावर एक अक्षरही कोरलेले नाही. आता त्यावर शेवाळ चढले आहे. आम्ही गेलो तेव्हा वडिलांनी बूट काढले आणि कुंपणाबाहेर हात जोडून उभे राहिले. मुलांना इथे हळू बोलायला सांगावे आणि दगडाला किंवा लाकडी कुंपणाला टेकू नये.

वेळ हाताशी असेल तर

तरुण मंडळी असतील तर सकाळी शेताची फेरी झाल्यावर, जेवणाआधी, तळ्यापर्यंत जाऊन यावे. वाहनतळापासून चढाने साधारण एक मैल. लंडनने वळणदार दगडी बांध घालून पाच एकरांचे तळे केले, काठावर रेडवुडच्या ओंडक्यांची कपडे बदलण्याची खोली बांधली आणि पाहुण्यांसोबत इथे पोहण्याचा आनंद घेतला. गाळ साचून आणि वेत-लव्हाळे माजून तळे आता बरेच आकसले आहे. त्यात उतरू नये. वाटेत रेडवुडची दाट सावली लागते आणि उन्हाळ्यातही तिथे गारवा असतो.

सोनोमा डोंगराच्या माथ्याकडे जाणारी वाट जाऊन-येऊन आठ मैलांच्या वर आहे आणि चढ चांगलाच आहे. ती त्याच दिवशी जमेल असे धरू नये. तिच्यासाठी वेगळा दिवस ठेवावा, पहाटे निघावे आणि पाणी दुप्पट न्यावे. पार्कात तंबू ठोकून राहता येत नाही. मुक्काम करायचा असेल तर केनवूडजवळच्या शुगरलोफ रिज पार्कात जागा आधी राखून ठेवावी.

राज्य सरकारने २०११ मध्ये खर्चाअभावी जी ७० पार्के बंद करायचे ठरवले, त्यांत हेही होते. स्थानिक लोकांनी संस्थेमार्फत ते चालवायला घेतले, आणि मे २०१२ पासून ते तसेच चालू आहे. म्हणून फाटकावर दिलेले शुल्क आणि संग्रहालयातून घेतलेले एखादे पुस्तक हे याच जागेच्या डागडुजीला लागते. स्वयंसेवकाने वेळ दिला असेल तर देणगीच्या पेटीत काही टाकावे.

फाटक बंद होण्याच्या अर्धा तास आधी गाडीत बसलेले असावे. वॅलेहोकडे जाणारा ३७ नंबरचा रस्ता दुपारनंतर, विशेषतः शनिवारी-रविवारी, तुंबतो. घाई असेल तर चारच्या आत निघावे, नसेल तर ग्लेन एलनमध्ये चहा घेऊन, गर्दी ओसरल्यावर, अंधार पडता पडता परतीला लागावे. आम्ही दुसऱ्या खेपेला तसेच केले, आणि वडील साऱ्या रस्त्याने त्या मुरघासाच्या मनोऱ्यांच्या तळाशी पाण्याचा निचरा कसा केला असेल, हेच विचारत राहिले.